पाडायचे, पण बसवायचे कोणाला?

देशोदेशीची कायदेमंडळे : लेखांक ५

१७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयींचे तेरा महिन्यांचे सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. ते एक मत नेमके कोणाचे, यावर दिल्लीत अजूनही गप्पा रंगतात. गिरिधर गमांग दोन महिन्यांपूर्वीच ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते, पण कोरापुटची खासदारकी त्यांनी सोडलेली नव्हती. मत द्यावे की नाही, हे लोकसभाध्यक्ष बालयोगी यांनी त्यांच्याच सदसद्विवेकबुद्धीवर सोपवले आणि गमांग यांनी सरकारविरुद्ध मत दिले. दुसरे नाव सैफुद्दीन सोझ यांचे. नॅशनल कॉन्फरन्स सरकारच्या बाजूने होती. सोझ यांनी पक्षाचा आदेश झुगारला.

खरी पंचाईत पुढे झाली. हे सरकार नको, यावर २७० जणांचे एकमत होते. कोण हवे, यावर नव्हते. सोनिया गांधींनी २७२ खासदारांचा दावा केला, मुलायमसिंह यादव यांनी हात आखडता घेतला आणि २६ एप्रिलला लोकसभा बरखास्त झाली. त्या उन्हाळ्यातले कारगिलचे युद्ध देशाने काळजीवाहू पंतप्रधानांच्या हाताखाली लढले.

सरकारला घरी पाठवण्याची ही पद्धत आपण ब्रिटनकडून घेतली आणि तिथेही १९९९ च्या वीस वर्षे आधी हेच नाट्य घडले होते. २८ मार्च १९७९. जेम्स कॅलॅहन यांच्या मजूर सरकारवर अविश्वास ठराव होता. नेमका त्याच रात्री संसदेच्या उपाहारगृहातल्या कर्मचाऱ्यांचा संप, त्यामुळे खासदार उपाशी. मजूर पक्षाचे सर आल्फ्रेड ब्रॉटन मरणपंथाला लागलेले. रुग्णवाहिकेतून त्यांना संसदेच्या आवारात आणले असते, तर आत न येताही त्यांचे मत धरले गेले असते. पण प्रवासातच काही झाले तर काय, म्हणून त्यांना आणायचे नाही असे ठरले. उत्तर आयर्लंडचे अपक्ष खासदार फ्रँक मॅग्वायर मात्र एवढा प्रवास करून आले आणि तटस्थ राहिले! आजारी सदस्याच्या बदल्यात विरोधकांनीही एक मत कमी करायचे, असा तिथला शिरस्ता. हुजूर पक्षाचे बर्नार्ड वेदरिल त्यासाठी स्वतः बाहेर राहायला तयार झाले. त्यांची कारकीर्द संपेल म्हणून मजूर पक्षाचे उपप्रतोद वॉल्टर हॅरिसन यांनीच नको म्हटले. ३११ विरुद्ध ३१०. मे महिन्यात मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या.

अमेरिकेत असे काही घडूच शकत नाही. काँग्रेसचा विश्वास उडाला म्हणून राष्ट्राध्यक्ष जात नाही. महाभियोग हा एकच मार्ग, त्यालाही सिनेटमध्ये दोनतृतीयांश मते लागतात. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन यांच्याविरुद्ध ३५ मते पडली, हवी होती ३६. एका मताने तिथे सत्ता वाचली. मग काँग्रेस पैशाच्या नाड्या आवळते. २०१८-१९ च्या हिवाळ्यात अमेरिकी सरकारचा बराचसा कारभार ३५ दिवस ठप्प होता, लाखो कर्मचाऱ्यांचे पगार अडकले आणि राष्ट्राध्यक्ष जागच्या जागी. चीनमध्ये तर मतमोजणी हा निव्वळ उपचार: २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन कारकिर्दींची मर्यादा काढण्याच्या बाजूने २,९५८ आणि विरोधात फक्त २ मते पडली.

सर्वांत शहाणपणाचा तोडगा जर्मनीने काढला, तोही पोळल्यावर. सप्टेंबर १९३२ मध्ये एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेले नाझी आणि कम्युनिस्ट चॅन्सेलर फॉन पापेन यांच्याविरुद्ध एकत्र आले. ठराव ५१२ विरुद्ध ४२ मतांनी संमत झाला. हे सगळे मिळून सरकार पाडू शकत होते, चालवू शकत नव्हते. म्हणून १९४९ च्या राज्यघटनेत अट आली: चॅन्सेलरला हटवायचे तर त्याच ठरावात नव्या चॅन्सेलरची बहुमताने निवड करा. शिवाय ठराव आणि मतदान यांच्यात ४८ तासांचे अंतर ठेवा.

अट घातली म्हणून घोडेबाजार थांबला असे नाही. एप्रिल १९७२ मध्ये विली ब्रांट यांच्या जागी राइनर बार्त्सेल यांना आणायला २४९ मते हवी होती, पडली २४७. पुढच्याच वर्षी यूलियुस श्टायनर या विरोधी खासदाराने मतासाठी ५०,००० मार्क घेतल्याचे कबूल केले. १९८२ मध्ये मात्र याच कलमाने हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले, मध्ये एक दिवसही देश सरकारविना राहिला नाही. स्पेनने ही तरतूद उचलली आणि २०१८ मध्ये पेद्रो सांचेझ तिच्याच जोरावर पंतप्रधान झाले.

वाजपेयी सरकार पडल्यानंतर पुढच्याच महिन्यात, मे १९९९ मध्ये, आपल्या विधी आयोगानेही १७० व्या अहवालात जर्मनीच्या धर्तीवर बदल सुचवला. तो स्वीकारला गेला नाही. लोकसभेच्या नियम १९८ नुसार अविश्वास ठराव दाखल करून घ्यायला आजही ५० सदस्यांचा पाठिंबा पुरतो. पुढचा पंतप्रधान कोण, हे त्यांना विचारले जात नाही.