बंदिस्त द्विमान घटक (मुक्तस्रोत फर्मवेअरमधील)
विद्युत् पुरवठा मिळताच संगणकाची यंत्रसामग्री कार्यान्वित करणारी, कायम स्मृतीत साठविलेली आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. तिची मूळ संहिता वाचण्यास व बदलण्यास सर्वांना खुली असल्यास ती मुक्तस्रोत होय. उत्पादक ज्याची मूळ संहिता गुप्त ठेवून केवळ यंत्रभाषेतील रूप देतो, त्या भागास बंदिस्त द्विमान घटक म्हणतात. अमेरिकेतील लॉस ॲलॅमॉस प्रयोगशाळेत १९९९ साली लिनक्सबायोस (२००८ पासून कोअरबूट) हा मुक्तस्रोत प्रकल्प सुरू झाला. तथापि इंटेलच्या अलीकडच्या अनेक प्रक्रियकांसाठी त्यातही मुख्य स्मृती सज्ज करण्याचे काम ‘फर्मवेअर सपोर्ट पॅकेज’ हा बंदिस्त घटक करतो. अशा घटकाची सुरक्षितता बाहेरच्यांना पूर्णपणे पडताळता येत नाही. उत्पादकाने सुधारणा थांबविल्यास दोषनिवारणही दुष्कर होते. असे घटक पूर्वी वर्ज्य मानणाऱ्या लिब्रेबूट प्रकल्पानेही अधिक यंत्रांसाठी २०२२ मध्ये अपरिहार्य तेवढे घटक स्वीकारले.