वचन काय म्हणतं?

सौंदडला रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जणी माझ्या घरी पवित्र शास्त्र वाचायला बसतो. मागच्या रोवणीच्या दिवसांत मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला निघाला. त्याचं बी वाटेवर पडतं, खडकावर पडतं, काट्यांत पडतं. एका मुलीने विचारलं, हा माणूस बी असं उधळतो कशाला? कोपऱ्यातली आजी म्हणाली, "आवत्या पेरते ना तो, बाई!" धान फेकून पेरायची रीत तिच्या हातातली. दाखला तिला आमच्याआधी उमगला.

आम्ही इव्हँजेलिकल ख्रिस्ती असंच वाचतो. कोणी, कोणाला, कशासाठी लिहिलं ते आधी पाहायचं. स्तोत्र गीत म्हणून वाचायचं, पत्र पत्र म्हणून. अवघड वचनाचा अर्थ स्पष्ट वचनाच्या उजेडात लावायचा. पापात पाडणारा डोळा उपटून टाकायला येशू सांगतो, तेव्हा तो पापाचं गांभीर्य ठसवतो आहे, हे आमच्यात सगळ्यांना कळतं. कॅथलिक बायबलसोबत परंपरा आणि धर्मपीठाची शिकवणही प्रमाण मानतात. आमच्याकडे शेवटचा शब्द ६६ पुस्तकांचा. पाळकालाही कुणी विचारू शकतं, वचन काय म्हणतं?

हा प्रश्न पंडिता रमाबाईंनी जन्मभर धरून ठेवला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण चर्चमधले वडीलधारे सांगतात एवढ्यावर त्यांनी कुठलाच सिद्धान्त स्वीकारला नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आमचा हा सौंदडचा मुलूखही तेव्हा त्याच प्रांतात होता. तिथल्या निराधार मुली त्यांनी सोबत नेल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढवल्या. अशा मुलींना बायबलचं संस्कृतने जड झालेलं मराठी भाषांतर कसं कळावं? रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सोप्या मराठीत त्याचं नवं भाषांतर करू लागल्या. छपाईचे खिळे जुळवायला मुक्तीतल्या बायकाच होत्या. १९२२ साली रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली निघालं.

मतभेद आमच्यात आहेतच. मंडळीत स्त्रियांनी गप्प राहावं, असं पौल करिंथकरांना लिहितो. कोणी ते सर्वकाळासाठी मानतात, कोणी त्या मंडळीतल्या गोंधळापुरतं. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या स्त्रिया आहेत. म्हणून मला दुसरं पटतं.

आजीला वाचता येत नाही. तिच्यासाठी मी प्रत्येक वचन दोनदा वाचते आणि अर्थ आधी तिलाच विचारते.