भिंगरी पोचली प्रयोगशाळेत!

दोस्तांनो, घरात शर्टाचं एखादं सुटं बटण आहे का? शोधा, शोधा! दोन भोकांचं मोठं बटण आणि पक्का दोरा, एवढंच लागणार आहे.

गावाकडच्या मुलांना खेळण्यांचं दुकान लागतच नाही. जोंधळ्याच्या ताटांची बैलगाडी होते. रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासली, की झाली पिपाणी! आणि सोड्याच्या बाटलीचं बूच? ते ठोकून चपटं करायचं, खिळ्याने दोन भोकं पाडायची, दोरा ओवायचा. भिंगरी तयार! बुचाची कड बोट कापते, म्हणून आपण बटणाचीच करू हं.

दोरा एका भोकातून घाला, दुसऱ्यातून परत आणा. टोकांना गाठ मारा. बटण मधोमध ठेवून दोरा दोन्ही हातांच्या बोटांत अडकवा. बटण गोल गोल फिरवून पीळ भरा. केस आणि चेहरा लांब ठेवा. आता ओढा! सैल सोडा! ओढा! सैल! गुर्रर्र... ऐकलंत?

गंमत बघा. ओढलं की पीळ सुटतो आणि बटण फिरतं. पीळ संपला, तरी बटण थांबतच नाही! वेगात असतं ना ते! फिरता फिरता दोऱ्याला उलटा पीळ भरून टाकतं. त्या वेळी हात सैल हवेत. मग पुन्हा ओढायचं! झोक्यासारखंच आहे हे. नेमक्या क्षणी रेटा दिला तरच झोका उंच जातो.

आता ओळखा, भिंगरी किती जोरात फिरू शकेल? घरातला पंखा मिनिटाला साधारण ३००-४०० फेरे घेतो. आणि भिंगरी? तब्बल १,२५,०००! हो, सव्वा लाख! मात्र ती होती शास्त्रज्ञांनी बनवलेली, कागदाची.

मनू प्रकाश हे मेरठमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करतात. २०१३ साली ते युगांडात गेले होते. तिथल्या एका दवाखान्यात रक्त गरागरा फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं महागडं यंत्र होतं. पण वीजच नाही! मग काय, ते यंत्र चक्क दार अडवायला ठेवलं होतं!

विजेशिवाय इतकं जोरात काय फिरेल? प्रकाश आणि त्यांचे सहकारी चक्क खेळणी तपासू लागले. यो-यो पाहिला. शेवटी जिंकली भिंगरी! २०१७ साली त्यांनी 'पेपरफ्यूज' जगापुढे आणला. कागदाच्या चकतीवर रक्ताची बारीक नळी बसवायची आणि दोरा ओढायचा. जड लाल पेशी नळीच्या बाहेरच्या टोकाला जमतात, पिवळसर पाणी आतल्या बाजूला राहतं. दीड मिनिटात काम फत्ते! वजन फक्त २ ग्रॅम, आणि खर्च तेव्हाच्या हिशेबाने पंधरा रुपयांच्याही आत!

आता तुमची पाळी. पुठ्ठ्याची एक लहान आणि एक मोठी चकती कापा. दोन्हींच्या भिंगऱ्या करा. कोणती जास्त जोरात गुरगुरते, ते आम्हाला नक्की कळवा!