आधी बोलणं, मग अक्षर

मेळघाटातल्या एका गावात पहिलीचा वर्ग. खिचडी खाऊन मुलं परत बसली की गुरुजी फळ्यावर एक मोठं चित्र टांगतात: विहीर, दोन कुत्री, टोपली घेऊन निघालेली बाई. प्रश्न विचारतात तो कोरकूत. मुलं एकदम बोलायला लागतात. कुणी मोह वेचायला गेलं होतं, कुणाच्या कुत्रीला पिल्लं झालीत. गुरुजी वऱ्हाडातले. अडले की अंगणवाडीच्या मदतनीस मावशींकडे बघतात.

मग तेच चित्र मराठीत. "टोपली उचल." "टोपली खाली ठेव." मुलं नुसती करून दाखवतात. बोलायची सक्ती नाही. तोंडून शब्द येईल तेव्हा येईल.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं कूळ जुळत नाही. तिच्या व्याकरणात नामांची मुख्य विभागणी सजीव आणि निर्जीव अशी. आपल्याकडे मात्र डोंगर मोठा, टोपली मोठी, झाड मोठं. का, ते मुलांना कसं सांगायचं? एक मुलगी म्हणाली, "मोठा टोपली." गुरुजींनी तिला थांबवलं नाही. "हो, मोठी टोपली. काय आहे त्या टोपलीत?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या वेळी ती ‘मोठी’ म्हणाली, तिसऱ्या वेळी पुन्हा ‘मोठा’. हे असंच चालतं, महिनोन्‌महिने.

आणि चित्रातल्या दोन कुत्र्यांबद्दल कोरकूत बोलताना हीच मुलं द्विवचन बिनचूक वापरतात, जे मराठीत उरलेलंच नाही. अशा मुलांच्या नावापुढे ‘भाषा कच्ची’ असा शेरा पडतो, तेव्हा संताप येतो.

अक्षरं येतात ती मुलांच्याच वाक्यांतून. मुलांनी सांगितलेलं वाक्य गुरुजी देवनागरीत लिहितात, वर कोरकू, खाली मराठी. स्वतःचं बोलणं फळ्यावर ओळखू आलं की मूल बोट ठेवून वाचतं. शिक्षणाचं माध्यम शक्य तिथवर मातृभाषा असावं, असं २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. पुस्तकाचा वेग मात्र अमरावती शहरातल्या मुलांना आणि इथल्यांना एकच. त्यात दिवाळीनंतर बरीच घरं कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. मधले महिने मूल शाळेबाहेर.

मावशी अंगणवाडी सुटल्यावर आपणहून वर्गात येतात. या कामाचं त्यांना वेगळं मानधन नाही. ते सुरू झालं पाहिजे, आणि दर पहिलीच्या वर्गात अशी एक कोरकू बोलणारी बाई असली पाहिजे.