सुरू होतां होतां थांबलेला सर्व्हर

कोणतेंहि यंत्र बंद पडलें म्हणजे मनुष्याची अडचण होते. परंतु यंत्र पुरतें बंदहि नाहीं आणि धड चालूहि नाहीं, अशी त्याची स्थिति झाली म्हणजे अडचणीबरोबर मनाचा गोंधळहि होतो. दिवा लागलेला आहे, पंखा फिरत आहे, पडद्यावर चार ओळी उमटल्या आहेत. पण पुढें कांहीं हालचाल नाहीं! संगणकाच्या जाणत्यांच्या बोलींत या स्थितीला 'हँग होणें' म्हणतात. घरचा संगणक असा अडला तर एकाचेंच काम खोळंबतें. सर्व्हरची गोष्ट निराळी आहे. ग्रंथालयाची यादी, दवाखान्यांतील रुग्णांचीं टिपणें, पतपेढीचा जमाखर्च, शाळेचीं गुणपत्रकें हीं ज्या एका यंत्रावर ठेवलेलीं असतात, आणि ज्याच्याकडे इतर संगणक माहितीची मागणी करतात, तो सर्व्हर. तो अडला कीं त्याच्यावर विसंबलेलीं सर्वच माणसें अडतात. अशा वेळीं बिघाड कसा शोधावा, आणि शोधतांना आंतील माहितीला धक्का कसा लागूं देऊं नये, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम संगणक सुरू होतो म्हणजे काय होतें तें पाहूं. संगणकाची काम करण्याची मेमरी वीज जातांच कोरी होते. म्हणून प्रत्येक वेळीं जागा होतांना त्याला आपण कोण आहों, आपली डिस्क कोठें आहे, यांपैकीं कांहींच ठाऊक नसतें. इंग्रजींत या आरंभाला 'बूट' होणें असें म्हणतात. स्वतःच्याच बुटाच्या वाद्या धरून स्वतःला वर उचलणें, असा एक विनोदी वाक्प्रचार त्या भाषेंत आहे, त्यावरून हा शब्द आला. हें अशक्य वाटणारें काम संगणक टप्प्याटप्प्यानें साधतो.

मुख्य पाटावरील एका चिपमध्यें एक लहानसा प्रोग्राम कायमचा ठेवलेला असतो. १९८१ सालीं आय.बी.एम. कंपनीनें काढलेल्या पी.सी.मध्यें त्याला 'बायॉस' म्हणत. आजच्या यंत्रांत बहुधा त्याच्या जागीं 'यू.ई.एफ.आय.' असतें. तो प्रोसेसर, मेमरी व कीबोर्ड यांची तपासणी करतो. मग तो डिस्क शोधून तिच्यावरील बूटलोडर नांवाच्या दुसऱ्या प्रोग्रामाच्या हातीं काम सोंपवितो. बूटलोडर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, मेमरींत आणतो. कर्नल यंत्राचे सर्व अवयव ओळखून डिस्क उघडतो आणि पहिला प्रोग्राम सुरू करतो. लिनक्स चालविणाऱ्या बहुतेक सर्व्हरांत हा पहिला प्रोग्राम २०१० सालीं निघालेला 'सिस्टीमडी' असतो. तो नेटवर्क, डेटाबेस, छपाई इत्यादि सेवा जाग्या करतो, आणि शेवटीं पडद्यावर नांव व पासवर्ड विचारला जातो.

आग लागली असतां विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून पाण्याच्या बादल्या हातोहात पोंचवितात, त्यासारखेंच हें आहे. पाणी पोंचत नसेल तर सर्व रांगेवर ओरडून उपयोग नाहीं. बादली कोणाच्या हातांत अडली आहे तें पाहिलें पाहिजे. बिघाडशोधनाचें सर्व शास्त्र या एका गोष्टींत सांठविलेलें आहे. पूर्ण झालेला शेवटचा टप्पा कोणता, आणि सुरू न झालेला पहिला टप्पा कोणता, या दोहोंमध्यें बिघाड सांपडावयाचा.

परंतु त्याहि आधीं एक प्रश्न विचारावा लागतो : यंत्र खरोखर थांबलें आहे, कीं तें वाट पाहात आहे? पुष्कळ मेमरी असलेले मोठे सर्व्हर आरंभींच्या तपासणीला कित्येक मिनिटें घेतात, आणि तेवढा वेळ पडदा काळा राहूं शकतो. मागच्या खेपेस वीज अवचित गेली असेल तर मोठ्या डिस्कची पाहणी बराच काळ चालते. सिस्टीमडी एखाद्या सेवेची किंवा न सांपडणाऱ्या डिस्कची सामान्यतः ९० सेकंद वाट पाहतो. म्हणून घड्याळ समोर ठेवावें आणि डिस्कचा दिवा लुकलुकतो आहे का तें पाहावें. कीबोर्डवरील 'नम लॉक' ही कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल बहुधा जिवंत आहे असें समजावें. दुसऱ्या संगणकावरून नेटवर्काद्वारें सर्व्हरला हांक मारून पाहावी. पुष्कळदां असें आढळतें कीं, पडदा दाखविणारा ड्रायव्हर तेवढा बिघडला आहे आणि सर्व्हर मात्र आंतून आपलें काम बिनबोभाट करीत आहे!

यंत्र खरोखर अडलें आहे अशी खात्री झाल्यावर हातीं घ्यावयाचें पहिलें साधन म्हणजे कागद व पेन्सिल. पडद्यावरील शेवटची ओळ जशीच्या तशी उतरून घ्यावी किंवा तिचें छायाचित्र घ्यावें. पुष्कळ सर्व्हरांवर ओळींऐवजीं नुसतें चित्र दिसतें. तेथें बूटलोडरच्या यादींत 'ई' ही कळ दाबून कर्नलला दिलेल्या सूचनांमधील 'क्वाएट' हा शब्द खोडावा. हा बदल त्या एका खेपेपुरताच टिकतो. मात्र त्यानें मुका झालेला कर्नल बोलूं लागतो. दुसरी नोंद अशी करावी कीं, यंत्र शेवटचें नीट सुरू झालें त्यानंतर काय बदललें? नवी डिस्क बसविली? अपडेट घातला? वीज गेली होती? यंत्र एका खोलींतून दुसऱ्या खोलींत हलविलें? या प्रश्नाच्या उत्तरांतच निम्मा शोध असतो.

आतां एकेक टप्पा घेऊं. पडद्यावर कांहींच उमटलें नाहीं तर दोष पहिल्या टप्प्यांत आहे. पाटावरून पीं-पीं असे आवाज येत असतील तर ते मोजावेत. त्यांचा अर्थ यंत्राच्या माहितीपुस्तकांत दिलेला असतो. मेमरीच्या पट्ट्या खांचेंत सैल झाल्या असतील तर यंत्र बंद करून, विजेची तार काढून, पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगांतील स्थिर वीज घालवावी, आणि मगच त्या पट्ट्या पुनः नीट बसवाव्यात. पाटावर नाण्याएवढा तीन व्होल्टांचा एक सेल असतो. तो संपला म्हणजे यंत्राचें घड्याळ मागें जातें, ठरवून दिलेल्या गोष्टी त्याला आठवेनाशा होतात, आणि कळ दाबण्याची वाट पाहात तें उभें राहतें. कोणी पेनड्राइव्ह तसाच लावून ठेवला असेल तर त्यावरूनच सुरू होण्याचा प्रयत्न यंत्र करीत बसतें. म्हणून अनावश्यक असें सर्व काढून घेऊन मग पाहावें.

तपासणी झाली पण ऑपरेटिंग सिस्टीमचें चिन्ह दिसत नाहीं, तर यू.ई.एफ.आय.च्या यादींत डिस्कचें नांव आहे का तें पाहावें. नांवच नसेल तर तार सैल झाली असेल किंवा डिस्क मेली असेल. नांव असेल तर सुरू होण्याचा क्रम कोणी बदलला आहे काय तें पाहावें. कर्नल येऊन अडला, आणि नुकताच अपडेट घातला असेल, तर बूटलोडरच्या यादींत पूर्वीचा कर्नल बहुधा राखून ठेवलेला असतो, तो निवडावा. त्यानें यंत्र सुरू झालें तर संशय नव्या कर्नलवर स्थिर होतो.

शेवटच्या टप्प्यांतील एक नमुनेदार उदाहरण घेऊं. सर्व्हर सुरू होतांना कोणकोणत्या डिस्का उघडाव्यात याची यादी लिनक्समध्यें 'एफएसटॅब' नांवाच्या एका फाइलींत असते. समजा, जुनी दुसरी डिस्क कोणी काढून नेली, पण तिची ओळ यादींतून खोडली नाहीं. यंत्र कित्येक महिने अखंड चालूं असेल तर हा दोष कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. मग एके दिवशीं वीज जाते, सर्व्हर पुनः सुरू होतो, आणि नाहींशा झालेल्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहून शेवटीं तो संकटकाळच्या स्थितींत येऊन थांबतो. आजचा दोष आज जन्मलेला असतोच असें नाहीं. तो केवळ आज उघडकीस आलेला असतो. यावर उपाय म्हणजे ती ओळ काढणें; आणि जी डिस्क नसली तरी चालेल, तिच्या ओळींत 'नोफेल' हा शब्द घालणें.

थांबलेल्या जागींच दोष असतो असेंहि नाहीं. २०१९ च्या सप्टेंबर महिन्यांत लिनक्स कर्नलची ५.३ ही आवृत्ति प्रसिद्ध होण्याच्या बेतांत असतां, एका संगणकावर ती सुरू होतां होतां थांबूं लागली. शोध करतां असें निघालें कीं, 'एक्स्ट४' या फाइल-पद्धतींत केलेल्या एका सुधारणेनें डिस्कचें वाचन कमी झालें होतें. सुधारणा स्वतः उत्तम होती. परंतु डिस्कच्या हालचालींच्या अनियमित वेळांवरूनहि कर्नल यदृच्छ संख्या तयार करीत असे. वाचन कमी झालें तसा तो सांठा अपुरा पडला, आणि अशा संख्येची मागणी करणारा एक प्रोग्राम वाट पाहातच बसला. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनीं त्या खेपेस ती सुधारणा मागें घेतली, पुढें ५.४ या आवृत्तींत कर्नलला ही अनियमितता स्वतःच निर्माण करण्याची युक्ति दिली गेली. बादलीच्या रांगेंतील ज्या माणसाचे हात रिकामे दिसतात तो आळशी असेलच असें नाहीं. मागच्याकडून त्याच्याकडे पाणीच आलेलें नसेल.

दुसरें उदाहरण सर्व जगाला ठाऊक आहे. १९ जुलै २०२४ या दिवशीं क्राउडस्ट्राइक या संरक्षण-कंपनीच्या एका सदोष अपडेटनें विंडोज चालविणारे संगणक निळा पडदा दाखवून पुनःपुनः बंद-चालू होऊं लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें त्यांची संख्या सुमारें ८५ लाख होती. आपल्या देशांतील विमानतळांवरहि प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीनें चूक सुमारें ७८ मिनिटांत मागें घेतली; परंतु पुष्कळ यंत्रें नेटवर्क जागें होण्याच्या टप्प्यापर्यंतच पोंचत नव्हतीं, तेव्हां दुरुस्ती त्यांच्यापर्यंत जाणार कशी? माणसांना एकेका यंत्रापाशीं बसून, तें 'सेफ मोड'मध्यें सुरू करून, एक फाइल पुसावी लागली. ज्यांच्या डिस्का कुलूपबंद होत्या त्यांना ४८ अंकांची किल्ली लागली. आणि ज्यांनीं ती किल्ली अशाच एका बंद पडलेल्या सर्व्हरवर ठेवली होती, त्यांची अवस्था घराची चावी घरांत ठेवून दार ओढून घेणाऱ्यासारखी झाली. अशी किल्ली कागदावर लिहून कपाटांत ठेवावी.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. थांबलेला सर्व्हर पाहून उतावळा मनुष्य वीज वारंवार बंद-चालू करतो. डिस्कवर लिहिणें चाललें असतां वीज तोडली तर चांगली असलेली माहितीहि बिघडूं शकते. लिनक्समध्यें मुभा ठेवलेली असेल तर 'ऑल्ट' व 'प्रिंट स्क्रीन' या कळा दाबून धरून एस, यू, बी हीं अक्षरें थोड्या थोड्या अंतरानें दाबावींत. पहिल्यानें राहिलेलें लिखाण डिस्कवर उतरतें, दुसऱ्यानें डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडी राहते, तिसऱ्यानें यंत्र नव्यानें सुरू होतें. डिस्कमधून खटखट असा आवाज येत असेल तर दुरुस्तीचा नादच सोडावा. पेनड्राइव्हवरील लिनक्सनें यंत्र सुरू करावें, ती डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडावी, आणि प्रथम माहितीची प्रत काढून घ्यावी. उघडून वापरांत असलेल्या डिस्कवर डिस्क-दुरुस्तीचा प्रोग्राम कधींहि चालवूं नये. यंत्र विकत मिळतें. वीस वर्षांच्या नोंदी विकत मिळत नाहींत.

दुरुस्ती करतांना एका वेळीं एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा व तो लिहून ठेवावा. उपयोग झाला नाहीं तर तो बदल परत फिरवून मग दुसरा करावा. तीन बदल एकदम केले आणि यंत्र सुरू झालें, तर कशानें झालें हें कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस शोध पुनः पहिल्यापासून करावा लागतो. सर्व्हर सुरू झाल्यावरहि काम संपत नाहीं. मागच्या आरंभाची रोजनिशी यंत्रानें बहुधा जपून ठेवलेली असते. ती वाचून कारण निश्चित करावें. मग कामाची वर्दळ नसतांना तें एकदां मुद्दाम बंद करून पुनः सुरू करून पाहावें, म्हणजे दोष खरोखर गेला कीं नाहीं तें कळतें.

विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें कीं या कामाला फार मोठें यंत्रज्ञान लागत नाहीं. डोळे उघडे ठेवणें, दिसलें तें लिहिणें, कोठवर ठीक चाललें होतें तें ठरविणें, आणि हाताला घाई न करूं देणें, एवढें ज्याला साधतें त्याच्यापुढें अर्ध्यावर थांबलेलें यंत्र फार काळ थांबून राहात नाहीं.