शेवग्याची वाळकी फांदी

एसटीतली माझी शेवटची अकरा वर्षं सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. कुठली गाडी किती वाजता फलाटाला लागली, किती वाजता सुटली, ते वहीत लिहायचं. निवृत्त झालो तरी हातातली वही काही सुटली नाही. २०२०च्या मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी आली, गाड्या आगारात उभ्या राहिल्या, माझं सकाळचं अजिंक्यतारा किल्ल्यावर जाणंही थांबलं. मग मी परसात खुर्ची टाकून बसू लागलो.

परसात शेवगा आहे. त्याची एक फांदी वाळली होती. पावसाळ्यात पत्र्यावर पडेल म्हणून ती तोडायला माणूस सांगून ठेवला होता. टाळेबंदीमुळे तो आलाच नाही.

पहिले दोन दिवस नुसता आवाज यायचा. टुक्, टुक्, टुक्, एका लयीत, भांड्याला ठोके घालावेत तसा. ही म्हणाली, "अहो, तांबट आहे तो. आमच्या पिंपळावर असायचा." पण दिसेना. तांबट चोच मिटूनच ओरडतो, गळ्याची कातडी तेवढी फुगते. शिवाय ओरडताना मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. तिसऱ्या दिवशी वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला लाकडाचा भुसा पडताना दिसला, तेव्हा सापडला. चिमणीहून थोडा मोठा, अंगानं हिरवा, कपाळ लालभडक, गळा पिवळा, चोचीच्या मुळाशी राठ मिशा. मुंबईचा शहरपक्षी म्हणून मान मिळालेला पक्षी तो हाच. भोक पाडायला त्याला मऊ, मेलेलं लाकूड लागतं. ओल्या, भक्कम फांदीत त्याची चोच चालत नाही.

२९ मार्चपासून माझ्या वहीत नोंदी आहेत. नर-मादी पाळीपाळीनं आत जायची, तोंडात भुसा घेऊन बाहेर यायची. दोघं सारखीच दिसतात. अंडीही दोघं उबवतात. एप्रिलच्या मध्यात एकजण सतत आत राहू लागला. साधारण दोन आठवड्यांनी चोचीत वडाची फळं आणि किडे दिसायला लागले. ९ मेला सकाळी ७ ते ८ या वेळात १४ फेऱ्या झाल्या. आत येताना चारा, जाताना पिलांची घाण. एकही फेरी रिकामी नाही.

संध्याकाळी टीव्हीवर कोरोनाचे आकडे यायचे. मुलगा मुंबईत, त्याचा फोन येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. भाजी मिठाच्या पाण्यात, दुधाची पिशवी फाटकाला. परसातले ते सकाळचे दोन तास नसते तर आम्हा दोघांना तो उन्हाळा फार जड गेला असता.

त्या दिवसांत जो तो म्हणायचा, पक्षी वाढले. मला ते पटत नाही. मार्च ते जून हा आपल्याकडच्या बऱ्याच पक्ष्यांचा विणीचा हंगाम, गाणी तेव्हा असतातच. दयाळ पहाटे शीळ घालतो, कोकिळेचं म्हणून आपण जे ऐकतो ते काळ्या नराचं कुहू, मादी ठिपक्यांची तपकिरी असते. मेअखेर पावशा सुरू होतो. हे सगळे आधीही होते. साताऱ्यातल्या पोवई नाक्याची वर्दळ थांबली, म्हणून ते आमच्या कानांवर पडले.

३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूनं किनाऱ्यावर आलं. आमच्याकडेही वारा सुटला, पाऊस लागला. मी खिडकीत उभा राहून त्या फांदीकडे बघत होतो. पिलं अजून आत होती. फांदी हलली, पण मोडली नाही. ५ जूनला भोकातून एक डोकं बाहेर आलं, तेव्हा त्याच्या कपाळावर लाल रंग नव्हता. तो नंतर येतो. ७ तारखेला ६ वाजून ५० मिनिटांनी पहिलं पिलू उडालं, दुपारपर्यंत दुसरं.

फांदी मी आजही ठेवली आहे. खालून बांबूचा टेकू दिला आहे आणि पत्रा थोडा बाजूला सरकवला आहे. पुढच्या वर्षी त्याच भोकात दयाळाचं घरटं झालं. त्याला स्वतःला भोक पाडता येत नाही, तो असं आयतं भोक शोधत असतो. तुमच्या अंगणात, सोसायटीत वाळकी फांदी असेल, तर कुऱ्हाड लावण्याआधी तिच्या खालच्या अंगाला एकदा नीट बघा. आणि तोडणं भागच असेल, तर पावसाळा सरेपर्यंत थांबा.