चाळकेवाडीचा सरडा

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण उठता-बसता म्हणतो. पण म्हणताना सरड्याकडे कोणी पाहत नाही. आमचेही तसेच होते. ढाणकीच्या शिवारात, पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, मान वरखाली करणारा सरडा आम्ही लहानपणापासून पाहत आलो. खोटे कशाला सांगावे, दगडही मारले. परंतु सरड्याच्या जाती किती, त्या कोण ठरवतो, आणि 'नवी जात सापडली' असे वर्तमानपत्रात छापून येते तेव्हा नेमके काय घडलेले असते, हे प्रश्न पन्नाशी उलटेपर्यंत आमच्या डोक्यात आले नव्हते.

ते आले सातारच्या एका फेरीत. आमचे काम हमालांची आणि जिनिंगमधल्या कामगारांची संघटना बांधण्याचे. त्या निमित्ताने हिंडणे होते. ऐन मे महिन्यात कामगारांच्या एका मेळाव्याला साताऱ्यास गेलो असता तिथल्या सोबत्यांनी आम्हांला चाळकेवाडीच्या पठारावर नेले. नेले होते पवनचक्क्या दाखवायला. घाटमाथ्यावरच्या अशा सपाट माथ्याला तिकडे सडा म्हणतात. आपल्याकडच्या मायबहिणींनी अंगणातला सडा मनात आणू नये. हा सडा म्हणजे जांभ्या खडकाची उघडी पाठ. तीवर मातीचा थर बोटभर. पावसाळ्यात त्यावर गवत आणि फुलांचा गालिचा, उन्हाळ्यात नुसता तापलेला दगड. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून मान्य केली, त्यांतले फुलांचे कास पठार याच साताऱ्याच्या डोंगरांतले.

तर त्या तापल्या दगडावर शेपटीसकट वीतभर लांबीचा एक मातकट सरडा बसला होता. मातीत मिसळून गेलेला. सोबत्याने बोट दाखवले म्हणून दिसला. एकाएकी त्याने पुढचे पाय ताठ केले, छाती उचलली आणि गळ्याखालून पंखा उघडावा तशी कातडी उघडली. निळा, काळा आणि नारिंगी! उघडली, मिटली, पुन्हा उघडली. अंग वळवून त्याने चारी दिशांना ती दाखवली. समोरच्या दगडावर दुसरा नर होता, तोही तेच करू लागला. मादी कुठे होती ती आम्हांला दिसली नाही. त्यांना दिसत असावी. पवनचक्क्या पाहण्याचे त्या दिवशी राहूनच गेले म्हणाना.

या सरड्याला शास्त्रीय नाव मिळाले ते २०१६ साली. आता वाचक विचारतील, इतके रंगीत जनावर तोवर कोणी पाहिले नव्हते की काय? पाहिले होते. पठारावर गुरे चारणाऱ्या पोरांनी ते केव्हाच पाहिले असणार. नवी जात 'सापडते' ती पुष्कळदा रानात नव्हे, टेबलावर. आणि या सरड्याची हकिकत त्याचा चांगला नमुना आहे.

१८२९ साली फ्रान्सचा मोठा प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए याने पाँडिचेरीकडच्या अशाच एका पंखेवाल्या सरड्याला 'सिटाना पाँटिसेरियाना' असे नाव दिले. पुढे १८७० साली जेर्डन या लष्करातल्या डॉक्टराने दख्खनचा सरडा निराळा आहे असे म्हणून त्याला 'सिटाना डेक्कनेन्सिस' हे नाव दिले. पण नंतरच्या पंडितांनी तो भेद मानला नाही. हिंदुस्थानात कुठेही गळ्याला पंखा असलेला सरडा दिसला की तो पाँडिचेरीच्याच नावावर, असा कारभार कितीतरी वर्षे चालला. वस्तुतः कोणाचा पंखा लहान आणि पांढुरका, कोणाचा पोटापर्यंत पोचणारा आणि रंगीत. पण नाव एक, म्हणून जात एक.

व्ही. दीपक, वरद गिरी, अमोद झांबरे, हर्षल भोसले, प्रवीण कारंथ आणि त्यांचे सहकारी यांनी हे गाठोडे सोडवले. दक्षिण भारतभर हिंडून ठिकठिकाणचे सरडे जमवले. अंगावरचे खवले मोजले, डोक्याची आणि पायांची मापे घेतली, पंख्याची लांबी आणि रंग टिपले. (या सगळ्यांच्या मागच्या पायाला चारच बोटे असतात, आपल्या धुऱ्यावरच्या सरड्याला पाच. दगड मारणाऱ्या हाताने बोटे कधी मोजली नाहीत, एवढेच आमच्या बाजूने सांगता येईल.) पेशींतल्या डीएनएवरून कोणाचे कोणाशी नाते जवळचे हे तपासले, आणि जुन्या संग्रहालयांत बाटल्यांतून ठेवलेल्या नमुन्यांशी सारे ताडून पाहिले. त्यातून एकदम पाच नव्या जाती निघाल्या. जेर्डनचे मोडीत काढलेले नावही खरे ठरले आणि त्याला परत मिळाले. शास्त्रात नियमच आहे, की आधी रीतसर दिलेल्या नावाचा हक्क पहिला. मग ते दीडशे वर्षे धूळ खात का पडलेले असेना.

रीतसर म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. नुसते फोटो काढून आणि बारसे करून चालत नाही. त्या जातीचा एक नमुना मुख्य म्हणून निवडावा लागतो. तो मेलेला आणि मद्यार्कात जपलेला असा संग्रहालयात क्रमांक घालून ठेवतात. शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याने यावे, बाटली उघडावी आणि पडताळा पाहावा. शेजारच्या जातींहून ही कशी वेगळी, ते मुद्द्यामुद्द्याने लिहावे लागते, आणि ते छापून जगापुढे ठेवावे लागते. जात जपण्यासाठी तिच्यातले काही जीव मारावे लागतात ही गोष्ट ऐकून आमचेही मन खट्टू झाले होते, आणि अजून ते पुरते समजूत पटलेले नाही. पण पडताळ्याला वस्तूच नसेल तर उद्या कोणीही काहीही सांगेल, हेही खरे.

नाव लॅटिन वळणाचे लागते, पण त्यातला शब्द कोणत्याही भाषेतला चालतो. रंगीत पंख्याच्या सरड्यांचा या अभ्यासकांनी एक स्वतंत्र गट केला आणि त्याला नाव दिले आपल्या मराठीतले 'सरडा'! चाळकेवाडीचा तो 'सरडा सुपर्बा', म्हणजे देखणा सरडा. रोमन लिपीत 'ड'ची सोय नसल्यामुळे परदेशातला एखादा विद्वान त्याला 'सारदा' म्हणत असेल, तर म्हणो बापडा. गटातल्या दुसऱ्या एका नव्या जातीला त्यांनी डार्विनचे नाव दिले, आणि ते उगीच नाही.

नर इतके नटतात कशाला, हा डार्विनला छळणारा प्रश्न होता. भडक रंग शत्रूलाही दिसतो. मग तो टिकतो कसा? १८७१ च्या ग्रंथात त्याने सविस्तर उत्तर दिले: मादी निवड करते आणि नर नरांशी चढाओढ करतात, म्हणून. पुष्कळ जीवांत हा खेळ चालतो. डोंगराळ कुरणांत आणि ओढ्यांच्या काठी नाचऱ्या माश्यांचे एक मोठे कूळ राहते. त्यांचे थवे हवेत वरखाली नाचतात आणि काही जातींचा नर मादीसाठी किडा मारून भेट आणतो. काहींत तो आपल्या पुढच्या पायांतून रेशीम काढून त्या भेटीला गुंडाळतो; आणि काही महाभाग असे, की रेशमाचा नुसता पोकळ फुगाच देऊन मोकळे होतात. लग्नातल्या रिकाम्या पाकिटाची आठवण कोणाला झाली तर आमचा इलाज नाही. असल्या माश्यांच्या जाती वेगळ्या ओळखायच्या तर पायांवरचे केस आणि नराच्या शेपटाकडचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. त्या मानाने आमचा सरडा सोपा. तो आपली ओळख गळ्यात घेऊन हिंडतो.

हे सर्व आम्ही आमच्या मंडळींना सांगितले तेव्हा एका हमाल भावाने सरळ विचारले, "दादा, नाव ठेवून त्या सरड्याला मिळाले काय?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्याला त्याचीच गोष्ट आठवून दिली. एका जिनिंगमध्ये एका गड्याचा हात यंत्रात गेला. भरपाई मागायला गेलो तर उत्तर मिळाले, हा आमचा माणूसच नाही, हजेरीपटावर नाव कुठे आहे? सहा हंगाम त्याने तिथे कापूस वाहिला होता. सगळा गाव साक्षीला होता. पण कागदावर तो नव्हता, म्हणजे त्याचा हातही नव्हता. हजेरीपटावर नाव चढले म्हणून पोट भरत नाही. पण नाव नसेल तर भांडण सुरूच होत नाही.

सरड्याचे असेच झाले. नाव मिळाल्यावर दोनच वर्षांनी, २०१८ साली, मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा चाळकेवाडीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पठारावर पवनचक्क्या उभ्या राहून तेव्हा सोळा ते वीस वर्षे झाली होती. या तिघांनी चक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. चक्क्यांच्या भागात ते येईनासे झाले होते. शत्रू गेला, तेव्हा सरड्यांची चैन झाली असे कोणालाही वाटेल. संख्या वाढलीही, चक्क्यांच्या भागात सरडे तिपटीच्या घरात होते. पण ते अंगाने खंगलेले निघाले. तोंडे वाढली, किडे तेवढेच. शिवाय ते धीट, किंबहुना गाफील झाले होते. माणूस अगदी जवळ येईपर्यंत जागचे हलत नसत. आणि नरांच्या गळ्यातला रंग फिका पडला होता.

ही शेवटची गोष्ट वाचून आम्ही बराच वेळ थांबलो. कारखान्यात माणसे वाढली की सगळे ठीक चालले आहे असे अहवालात लिहिणारे लोक आम्ही आयुष्यभर पाहिले आहेत. अहवालात डोकी मोजतात. अंगावर मांस किती उरले ते मोजत नाहीत. या अभ्यासकांनी दोन्ही मोजले. पठारावर सगळेच सरडे एका नावाखाली घातले असते, तर कोणाचा रंग फिका झाला हे सांगता आले असते काय? मुळात असतो तो रंग कोणता, हेच तर त्या बारशाच्या कागदात नोंदलेले होते.

याचा अर्थ पवनचक्क्या पाडाव्यात असा कोणी घेऊ नये. कोळशाच्या धुराने माणसांची छाती पोखरते हे या जिल्ह्यात वणीकडच्या लोकांना वेगळे सांगायला नको, आणि वाऱ्याची वीज हवीच आहे. पण ती फुकट पडते, कोणाचे काही जात नाही, असे जे सांगतात त्यांना चाळकेवाडीला न्यावे. पुढची चक्की कोणत्या माथ्यावर उभी करायची हे ठरवण्यापूर्वी त्या माथ्यावर कोण राहते याची यादी तरी हाती असावी, आणि ती यादी अजून पुरी झालेली नाही.

पुरी झालेली नाही हे आम्ही कासकडे बोट दाखवून म्हणत नाही. आपल्या धुऱ्यावरचा, पावसाच्या तोंडाशी डोके-गळा लाल करून मान हलवणारा जो साधा सरडा, त्याला १८०२ साली फ्रान्सच्या दोदँ याने 'रंग बदलणारा' अशा अर्थाचे नाव दिले आणि तो बलुचिस्तानापासून पूर्वेकडे थेट दूरदूरपर्यंत एकच मानला गेला. २०२१ साली अभ्यासकांनी दाखवून दिले, की ती एक जात नसून एका नावाच्या घोंगडीखाली निजलेल्या अनेक जाती आहेत. आता सकाळी शेताकडे जाताना आम्ही धुऱ्याशी थांबतो. पोरे विचारतात, "काका, काय पाहता?" आम्ही म्हणतो, मागच्या पायाची बोटे मोजतो आहोत, जरा दगड खाली ठेवा.